पोलिसांचा हात पोचण्याआधी माहिती पोचली पाहिजे: स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी

माझा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, मुलगा सतरा वर्षांचा असताना एका गर्दीच्या लोकल स्टेशनात माझ्या हातून सुटला. मी तिकिटाच्या रांगेत होते. तो गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या इंडिकेटरखाली जाऊन उभा राहिला. आकडे बदलताना बघत, दोन्ही हात फडफडवत, "धीमी, धीमी, धीमी" म्हणत. धीमी म्हणजे स्लो लोकल. एका हवालदारांनी विचारलं, "काय रे, काय चाललंय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी उत्तर नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी दंडाला धरलं. मुलानं हिसडा मारला, त्यांच्या मनगटाला चावला. मग थप्पड बसली आणि मानेला धरून त्याला चौकीत नेलं. मी पोचले तेव्हा तो फरशीवर बसून स्वतःच्या डोक्यावर बुक्के मारत होता. पहिल्या प्रश्नापासून थप्पडेपर्यंत जेमतेम एक मिनिट गेलं असेल.

नंतर त्या हवालदारांशी मी अर्धा तास बोलले. त्यांच्या मनगटावर दातांचे व्रण उठले होते आणि चेहरा पडला होता. ते म्हणाले, "ताई, मला कळणार कसं?"

थप्पड चुकीचीच होती, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण त्यांचा प्रश्न खरा होता. बळ वापरलं जाणार की टळणार हे पहिल्या एक-दोन मिनिटांतच ठरतं, आणि त्या मिनिटांत कुणाला कायद्याची कलमं आठवत नाहीत. म्हणून आपलं काम त्या मिनिटाच्या कितीतरी आधी सुरू होतं. गेल्या काही वर्षांत आम्ही काय केलं, इतर पालकांकडून काय शिकलो आणि कायदा काय म्हणतो, ते इथे क्रमाने मांडते आहे.

पोलिसाला काय दिसतं

आपल्याला रोजचं असलेलं वागणं, संशय घेणं हेच ज्याचं काम आहे अशा माणसाला वेगळंच दिसतं. नजर न मिळवणं म्हणजे काहीतरी लपवणं. उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. "थांब" म्हटल्यावर पळणं म्हणजे गुन्ह्याची खूण. डुलत चालणं म्हणजे नशा. एकाच दुकानासमोर तासभर घुटमळणं म्हणजे टेहळणी. खिशातली आवडती वस्तू सारखी चाचपणं म्हणजे हत्यार.

सर्वांत धोक्याचं असतं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं. "मोबाइल तू घेतलास?" असं विचारलं की आमचा मुलगा म्हणतो, "मोबाइल तू घेतलास." ऐकणाऱ्याला वाटतं हा चिडवतोय. दुसरी काही मुलं प्रश्न संपावेत म्हणून प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतात, आणि तो कबुलीजबाब ठरतो.

स्पर्शाचं तसंच. खांद्यावर ठेवलेला हलका हातही काही मुलांना चटका बसल्यासारखा वाटतो. त्यात शिट्टी, वायरलेसची खरखर, टॉर्चचा झोत आणि चौघांचं एकदम ओरडणं. एका वाक्याचा अर्थ लागायला त्याला दहा-पंधरा सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात दुसरा आणि तिसरा हुकूम येऊन आदळतो आणि पहिला पुसला जातो. तो हुकूम मोडत नसतो, तो अजून पहिल्याच शब्दावर असतो.

लंडनच्या ॲक्टन भागातल्या जलतरण तलावावर २००८ साली घडलेलं प्रकरण मी प्रत्येक पालकाला सांगते. शाळेबरोबर आलेला सोळा वर्षांचा मुलगा, तीव्र स्वमग्नता, फिट येण्याचा आजार, बोलता येत नाही. पाण्याच्या काठाशी खिळून उभा राहिला, हलेना. तलावाच्या लोकांनी पोलिसांना बोलावलं. त्याला सांभाळणारी माणसं तिथेच होती, पण पोलिसांनी त्यांच्याशी नीट बोलून घेतलं नाही. एकानं पाठीला हात लावला आणि मुलानं कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली. त्याला बाहेर काढून, जमिनीवर दाबून धरून, हातांत बेड्या घातल्या, पाय पट्ट्यांनी बांधले आणि ओल्या अंगानं व्हॅनच्या पिंजऱ्यात बसवलं. कोर्टानं पोलिसांना जबाबदार धरून २८,२५० पौंडांची भरपाई दिली. पोलिसांचं अपील २०१३ साली फेटाळलं गेलं. माहिती देणारी माणसं हाताच्या अंतरावर उभी होती, तरी त्यांना विचारलं गेलं नाही, हे त्या निकालात पुन्हा पुन्हा येतं.

पायरी १: कागद तयार ठेवा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता स्पष्टपणे आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. "शिक्का कशाला मारून घ्यायचा" म्हणून थांबलेले बरेच पालक मला भेटतात. त्यांची भावना मला कळते, मीही चार वर्षं थांबले होते. पण रात्री अकरा वाजता चौकीत उभं राहून "साहेब, तो तसा आहे" असं तोंडी सांगणं आणि सरकारी कार्ड समोर ठेवणं यांत फार फरक पडतो.

मूल अठरा वर्षांचं झालं की आणखी एक कागद लागतो. कायद्याच्या नजरेत ते सज्ञान, आणि ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कोण?" नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. वेळ लागतो, म्हणून अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या अर्ज द्या.

या सगळ्याचे फोटो आई, बाबा, मामा, शाळेतल्या ताई अशा किमान चार जणांच्या मोबाइलमध्ये असू द्या. मोबाइल बंद पडतो, म्हणून झेरॉक्सचा एक संच पिशवीतही हवा.

पायरी २: अंगावर दिसेल असं कार्ड

दिसेल असं, हे महत्त्वाचं. खिशातलं कार्ड काढायला मुलानं हात खिशात घातला की समोरचा सावध होतो. अमेरिकेत नॉर्थ मायामीला २०१६ साली एका स्वमग्न माणसाच्या हातातली खेळण्यातली गाडी पोलिसांना हत्यार वाटली. त्याला सांभाळणारा माणूस रस्त्यावर पाठीवर पडून, हात वर करून, ते खेळणं आहे असं ओरडून सांगत होता. गोळी त्यालाच लागली. आपल्याकडे रस्त्यावरच्या शिपायाजवळ बहुधा काठी असते, बंदूक नसते. पण गैरसमज होतो तो याच रीतीनं.

गळ्यात अडकवणार असाल तर ओढल्यावर आपोआप सुटणारी दोरी घ्या. मानेभोवती काही सहन होत नसेल तर पट्ट्याला, बॅगेच्या बंदाला किंवा शर्टाच्या छातीवर शिवून लावा. आमच्याकडे तीन महिन्यांत चार प्रकार फाडून झाले. शेवटी त्याच्या आवडत्या निळ्या कापडावर छापलेला बिल्ला टिकला.

मजकूर मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, एवढाच:

मला ऑटिझम आहे. मला बोलायला वेळ लागतो.
कृपया हात लावू नका. हळू बोला. एकच प्रश्न विचारा आणि थांबा.
मी घाबरलो तर पळतो. मला फिट येते.
या नंबरवर फोन करा.

खाली दोन नंबर. घरचा पत्ता नको. मुलगी असेल तर नावही बाहेरच्या बाजूला नको. "मतिमंद", "वेडसर" असले शब्द लिहू नका. ते वाचून समोरचा तुमच्या मुलाशी बोलणंच सोडून देतो.

पायरी ३: काही घडलेलं नसताना ठाण्यात जा

सगळ्या पायऱ्यांत ही मला सर्वांत मोलाची वाटते, आणि पालक सर्वांत जास्त टाळतात तीही हीच. पोलीस ठाण्याची पायरी चढू नये अशी आपली शिकवण आहे. तरी चढा.

सण, निवडणूक, मोर्चा यांचा बंदोबस्त नसेल असा दिवस निवडा. सकाळी उशिरा किंवा दुपारी चारच्या सुमारास जा. वरिष्ठ निरीक्षकांना भेटता आलं तर उत्तम, पण खरा उपयोग तुमच्या भागाच्या बीट अंमलदाराचा. रात्रीच्या गस्तीला तेच असतात. एका पानाचं पत्र न्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. पत्रात हे असावं:

मुलाचा अलीकडचा फोटो, उंची, बांधा. तो कसा बोलतो किंवा बोलत नाही. घाबरल्यावर काय करतो: पळतो, लपतो, चावतो, गाडीत शिरतो. हरवला तर कुठे सापडण्याची शक्यता जास्त. इथे प्रामाणिकपणे पाण्याच्या जागाही लिहा, कारण अनेक स्वमग्न मुलं तळं, विहीर, कालवा, खाडी यांच्याकडे ओढली जातात आणि शोधताना तिथे सर्वांत आधी जायला हवं. काय केलं की शांत होतो. आमच्या पत्रात लिहिलं आहे: "गाड्यांच्या वेळा विचारा. तो सांगू लागेल आणि थांबेल." फिट किंवा दम्याची औषधं. कायदेशीर पालकाचं नाव आणि तीन फोन नंबर.

पत्र देऊन परत येऊ नका. मुलालाही न्या. पहिल्या वेळी गेटपर्यंत, दुसऱ्या वेळी बाकावर पाच मिनिटं, तिसऱ्या वेळी एखाद्या महिला शिपाई ताईंना "नमस्ते" म्हणून परत. या भेटींत दोन्हीकडची भीती उतरते. २०१६ च्या कायद्याचं कलम ४७ सांगतं की पोलिसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क शिकवले गेले पाहिजेत. ते प्रशिक्षण तुमच्या ठाण्यापर्यंत पोचलं आहे का ते नम्रपणे विचारा आणि नसेल तर तासाभराचं सत्र घ्यायची तयारी दाखवा. आम्ही तिघी आया मिळून असं सत्र घेतो. हजेरीच्या वेळी वीस मिनिटं मिळाली तरी पुरतात.

बदल्या होतात. दर सहा महिन्यांनी पत्र नव्याने द्या. लोकलने प्रवास असेल तर लोहमार्ग पोलीस आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) ही वेगळी खाती आहेत, त्यांना वेगळी प्रत द्या. गावात राहत असाल तर पोलीस पाटलांना.

पायरी ४: पोलिसांच्या आधी गर्दी पोचते

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. ते तर स्वतः कोण, कुठले हे सांगू शकत होते. सांगता न येणारा, लहान मुलांकडे टक लावून बघणारा, अनोळखी घरात पंखा बघायला शिरणारा तरुण अशा गर्दीत सापडला तर काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही.

म्हणून शेजार बांधून ठेवा. वॉचमन, रिक्षा स्टँड, दूधवाले, पानटपरी, मंडळाचे कार्यकर्ते, जवळचं मेडिकल. प्रत्येकाला मूल दाखवा, नाव सांगा, नंबर द्या. गर्दी जमलीच तर "हा अमक्यांचा मुलगा, मी ओळखतो" म्हणणारा एक जण पुरतो.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. वाढत्या वयाचे आपले मुलगे कधी कधी अनोळखी बाईच्या ओढणीच्या टिकल्यांना, केसांना, बांगड्यांना हात लावतात. हेतू वाईट नसतो, पण त्या बाईची भीती खरी असते आणि विनयभंगाची तक्रारही खरी होते. "त्याला कळत नाही" म्हणून सोडून देऊ नका. लहानपणापासून हाताच्या अंतराचा नियम शिकवा आणि गर्दीत त्याचे हात कशात तरी गुंतलेले ठेवा. असं घडलं तर आधी त्या बाईची माफी मागा, मग समजावून सांगा. हाच क्रम ठेवला तर बहुतेक जणी ऐकून घेतात.

पायरी ५: मुलाचा सराव

बोलून शिकवलेलं वेळेला उपयोगी पडत नाही, शरीराला सवय लागावी लागते. काका किंवा शाळेतले सर खाकी शर्ट घालून येतील, "थांब" म्हणतील. मुलानं करायच्या गोष्टी चारच: जागेवर उभं राहणं, हात पोटासमोर उघडे ठेवणं, कार्डाकडे बोट दाखवणं, गप्प राहणं. चित्रांची पट्टी करा, रोज दोन मिनिटं सराव, प्रत्येक वेळी आवडतं बक्षीस. मग घराबाहेर करा, मग गोंगाटात. हळूहळू पाठीमागून येणारा हात आणि टॉर्चचा उजेड यांचाही सराव द्या.

बोलणाऱ्या मुलांना एकच वाक्य पाठ करून घ्या: "मला ऑटिझम आहे, आईला फोन करा." आणखी एक शिकवा, "मला माहीत नाही." हे वाक्य येत नसल्यामुळेच ती "हो" म्हणत सुटतात.

पायरी ६: स्वतः ११२ ला फोन करताना

घरात मूल अनावर झालं, काच फोडली, आईला मारलं, तर काय करायचं हा प्रश्न अनेक घरांत आहे आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. जीव धोक्यात नसेल तर आधी खोली रिकामी करा, पंखा-टीव्ही-दिवे बंद करा, दूर बसा आणि वेळ जाऊ द्या. असा उद्रेक बहुधा स्वतःहून ओसरतो. डॉक्टरांचा, शाळेतल्या शिक्षकांचा नंबर भिंतीवर असू द्या. १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर दिवसरात्र सल्ला मिळतो.

पोलिसांना बोलवावं लागलंच तर पहिल्या वाक्यात आजार सांगा, नंतर घटना. "माझा मुलगा मारतोय, लवकर या" एवढंच म्हणून फोन ठेवू नका, कारण येणारे मारामारीच्या तयारीनं येतील. असं सांगा: "माझ्या वीस वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. त्याच्याकडे कुठलंही हत्यार नाही. कृपया सायरन बंद करून या. मी दाराबाहेर भेटते, आधी माझ्याशी बोला." स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आधीच उचलून ठेवा आणि खरोखर खाली जाऊन भेटा. तो वर एकटा असुरक्षित असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी खाली पाठवा.

मूल हरवलं तर २४ तास थांबायचं नसतं. लगेच जा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं आहे. सज्ञान असेल तर मिसिंगच्या नोंदीत "दिव्यांग, स्वतःचं नाव सांगू शकत नाही" हे शब्द लिहून घ्या आणि वाचून खात्री करा.

पायरी ७: समोरासमोर आल्यावर

तुम्ही तिथे असाल तर पहिलं काम स्वतःचा आवाज खाली आणण्याचं. आई ओरडली की मूल आणखी बिथरतं आणि पोलीसही. दोन्ही हात दिसतील असे ठेवून, मुलाच्या आणि पोलिसाच्या मधल्या रेषेपासून थोडं बाजूला उभं राहा. मग छोटी वाक्यं बोला:

"साहेब, मी त्याची आई. त्याला ऑटिझम आहे, हे कार्ड."
"तो हल्ला करत नाहीये, घाबरलाय. हात सोडला तर शांत होईल."
"एकानंच बोला, बाकीच्यांना थोडं मागे जाऊ द्या."
"मला दोन मिनिटं द्या, मी त्याला बसवते."

काहीतरी ठोस मागितलं की मिळतं. "तुम्हाला कळत नाही का" असं म्हटलं की दार बंद होतं, मग तुमचं कितीही बरोबर असो.

धरून ठेवलंच असेल तर एका गोष्टीवर अजिबात माघार घेऊ नका. त्याला पालथं पाडून पाठीवर, मानेवर किंवा छातीवर वजन देऊ देऊ नका. त्या स्थितीत श्वास कोंडून माणूस मरू शकतो. श्वासासाठी केलेली धडपड प्रतिकार वाटते, म्हणून दाब वाढतो, म्हणून धडपडही वाढते. मोठ्यानं, स्पष्ट सांगा: "त्याला कुशीवर वळवा, त्याला श्वास घेता येत नाही." फिट आली तर हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काही घालू नये, कुशीवर ठेवून डोक्याखाली मऊ काही द्यावं आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा.

कायदाही इथे तुमच्या बाजूनं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६ म्हणतं की अटक केलेल्याला पळून जाण्यापासून रोखायला लागेल त्यापेक्षा जास्त जखडता येणार नाही. बेड्यांसाठी कलम ४३ मध्ये सराईत गुन्हेगार, खून, बलात्कार, दहशतवाद अशी यादीच दिलेली आहे. स्टेशनवर हात फडफडवणारा मुलगा तिच्यात कुठे बसत नाही.

हे सगळं स्वमग्नतेपुरतं नाही. बहिऱ्या माणसाला मागून मारलेली "थांब" ही हाक ऐकूच जात नाही. साखर उतरलेला मधुमेही प्यायल्यासारखा बरळतो. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा दुसऱ्याच्या घराला आपलं समजून कुलपाशी झटापट करतात. फिट येऊन गेलेला माणूस काही मिनिटं हुकूम समजण्याच्या अवस्थेत नसतो आणि धरलं तर ढकलतो. त्यांच्याही घरच्यांनी कार्ड आणि पत्र करावं.

पायरी ८: चौकीत नेलं तर

आधी विचारा की कशासाठी आणलं आहे: चौकशी, साक्ष, संरक्षण की अटक. उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग व्यक्तीला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं.

भटकताना सापडला म्हणून आणलं असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १०० माहीत हवं. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटणाऱ्या व्यक्तीला पोलीस संरक्षणात घेऊ शकतात, पण २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं आणि कोठडीत कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. स्वमग्नता हा मानसिक आजार नाही, तरी व्यवहारात पोलीस हेच कलम वापरतात. त्यामुळे हरवलेल्या मुलाला शोधताना सरकारी रुग्णालयं आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं यांच्याकडेही चौकशी करा.

अटक असेल तर कारण सांगणं, अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घेणं, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी करणं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात व्यक्ती दुर्बल असेल तर उपअधीक्षकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ म्हणतं. आपल्या मुलाला "दुर्बल" हा शब्द लागू होतो हा मुद्दा वकिलानं लगेच मांडावा. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवायला बाल न्याय कायद्यानं बंदीच आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा क्रमांक.

आणि मुलाला एकट्यानं कुठलाही जबाब देऊ देऊ नका, कोऱ्या कागदावर सही-अंगठा तर मुळीच नाही. तो वाक्यं परत म्हणतो, प्रश्नाला "हो" म्हणतो, हे लेखी अर्जात नोंदवा आणि त्याची पोच घ्या. पुढे कोर्टात हाच कागद कामाला येतो.

पायरी ९: मारहाण झाली असेल तर

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे दुखापतीची कायदेशीर वैद्यकीय नोंद) करून घ्या. कोणी, कुठे, कशानं मारलं ते डॉक्टरांना सांगून लिहायला लावा. वळ दुसऱ्या दिवशी जास्त उठतात, म्हणून दोन्ही दिवस फोटो काढा. कपडे धुऊ नका.

दुसऱ्याच दिवशी ठाणे प्रमुखांना लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. अर्ज वेळेवर गेला तर "पुसलं गेलं" हे उत्तर अवघड होतं.

तक्रार पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे करा. दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, राज्य मानवी हक्क आयोग आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त यांच्याकडे जा. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ अपमानाच्या हेतूनं दिव्यांगावर बळ वापरणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षांची शिक्षा सांगतं. हेतू सिद्ध करणं सोपं नसतं, वकिलाशी बोलूनच हे कलम लावा.

प्रत्येक प्रकरण शेवटपर्यंत न्यायचं की नाही हा निर्णय तुमचा. आम्ही हवालदारांविरुद्ध तक्रार केली नाही. त्यांच्या वरिष्ठांना लेखी कळवलं आणि तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी सत्र मागितलं. ते मिळायला पाच महिने लागले. दुसऱ्या एका आईनं तक्रार केली आणि तिचंही बरोबरच होतं, कारण तिच्या मुलाचा हात मोडला होता.

मुलाकडे मात्र त्याच आठवड्यात लक्ष द्या. आमचा मुलगा दोन महिने अंथरुणात लघवी करत होता, खाकी पँट घातलेला रिक्षावाला दिसला तरी कानावर हात घ्यायचा, शिकलेले शब्द विसरला होता. बोलता येत नाही त्याला धक्का बसत नाही असं समजू नका. जेवणाची, झोपेची, अंघोळीची वेळ काटेकोर पाळा, नव्या मागण्या थांबवा, मुलांच्या मानसतज्ज्ञांना दाखवा. घडलेली घटना चित्रांतून सांगा: हे झालं, आई आली, आपण घरी आलो.

त्या स्टेशनात आम्ही टप्प्याटप्प्यानं परत गेलो. आधी पुलाखालून रिक्षानं, मग जिन्याच्या पायथ्यापर्यंत, मग रविवारी दुपारी रिकाम्या फलाटावर. सातव्या-आठव्या वेळी तो पुन्हा इंडिकेटरखाली उभा राहिला आणि हात फडफडवू लागला. चौकीच्या दारातून तेच हवालदार बाहेर आले, दहा पावलांवर थांबले आणि त्यांनी विचारलं, "दोन छत्तीसची कुठली रे?" मुलानं त्यांच्याकडे बघितलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "धीमी."